मिनी टोकियो थ्रीडी: जेवणानंतरचा तास कुठं गेला कळत नाही

आधीच सांगून ठेवतो, हे ॲप प्रवासाला निघायच्या कामाचं नाही. म्हणजे इथून तिथं जायचंय तर कुठली ट्रेन धरू, असं शोधायची सोय आहे त्यात, पण तेवढ्यासाठी कोण कशाला हे उघडेल, गुगल मॅप आहे की. मिनी टोकियो थ्रीडी हे निव्वळ बघायचं प्रकरण आहे. टोकियोच्या लोकल, मेट्रो, मोनोरेल आत्ता या मिनिटाला कुठं आहेत ते अख्खं एका नकाशावर चालताना दिसतं, फुकटात, साध्या ब्राउझरमध्ये, लॉगिन-बिगिन काही नाही. ज्यांना लहानपणी डोंबिवलीच्या पुलावर उभं राहून फास्ट जाताना बघायला आवडायचं त्यांच्यासाठी हे आहे, बाकीच्यांनी दोन मिनिटं बघून "बरंय" म्हणावं आणि बंद करावं, कुणाची काही तक्रार नाही.

बनवलंय अकिहिको कुसानागी नावाच्या एका इंजिनिअरनं. २०१९ मध्ये टोकियोत सार्वजनिक वाहतुकीचा डेटा वापरून काहीतरी करून दाखवा अशी एक ओपन डेटा स्पर्धा होती, त्या निमित्तानं हे बाहेर आलं आणि तेव्हापासून वाढतच चाललंय. कोड ओपन सोर्स आहे, एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे उद्या कुणाला मिनी मुंबई करायचं असेल तर कोडसाठी कुणाच्या पाया पडायला नको. अडचण दुसरीकडं आहे, त्यावर येतो पुढं.

उघडलं की नकाशा तिरका दिसतो, करड्या रंगाच्या इमारती उभ्या, आणि त्यांच्या मधून रंगीबेरंगी ठोकळे सरकत असतात. प्रत्येक ठोकळा म्हणजे एक ट्रेन, आणि रंग त्या त्या लाइनचा. यामानोते फिकट हिरवी, चुओ रॅपिड नारिंगी, चुओ-सोबू पिवळी, केइहिन-तोहोकू आकाशी. हे रंग तिथं गाड्यांवर आणि पाट्यांवर असतातच, त्यामुळे टोकियोला एकदा जाऊन आलेल्या माणसाला काही शिकावं लागत नाही. लांबून बघितलं की ठोकळे मोठे होतात, जवळ गेलं की खऱ्या मापाच्या जवळ येतात, हे डोकं लावून केलंय, नाहीतर पूर्ण शहर बघताना गाड्या दिसल्याच नसत्या.

पहिल्यांदा बघणाऱ्यानं यामानोते धरावी. गोल लाइन आहे, साडेचौतीस किलोमीटर, ३० स्टेशनं, एक फेरी साधारण तासाभराची. जपानमध्ये पण आपल्यासारखी डावीकडून वाहतूक, त्यामुळे बाहेरचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरतो आणि आतला उलटा. ताबाता ते शिनागावा या पट्ट्यात तिच्या बरोबरीनं आकाशी केइहिन-तोहोकू धावते, आणि दिवसा ती रॅपिड होते, मधली काही स्टेशनं सोडते. मग स्क्रीनवर काय होतं, हिरवा आणि आकाशी ठोकळा शेजारी शेजारी निघतात, हिरवा पुढच्या स्टेशनला थांबतो आणि आकाशी तसाच सुटतो. मुलुंड-भांडुपच्या आसपास आपण स्लोमध्ये बसलेले असताना शेजारून फास्ट सूं करून जाते आणि आपण उगाच त्या दारातल्या माणसाकडं खुन्नसनं बघतो ना, तेच, फक्त वरून.

ठोकळ्यावर क्लिक केलं की ट्रेनचा नंबर, कुठून कुठं, मागचं स्टेशन, पुढचं स्टेशन, उशीर असेल तर किती, सगळं येतं. आणि कॅमेरा त्या गाडीच्या मागे लागतो. वरून घिरट्या घालत बघता येतं किंवा गाडीच्या मागून ट्रॅकच्या उंचीवरून, आणि हा दुसरा प्रकार लावून चुओ लाइननं मिताका ते तोक्यो (म्हणजे टोकियोचं मुख्य) स्टेशन जाऊन बघा, डोकं फिरतं. विमानं पण आहेत बरं का, हानेदा आणि नारिताची, ती हवेतून खाली उतरताना दिसतात. पाऊस पडत असेल तर पाऊस दिसतो. जुलैमध्ये सुमिदा नदीवर फटाक्यांचा सोहळा असतो तेव्हा नकाशावर फटाके. हे सगळं गोड आहे पण मला विचाराल तर चटणी-लोणचं आहे, ताट ट्रेनचंच.

आता जमिनीखालचं. उजवीकडं एक बटण आहे, ते दाबलं की नकाशा काळा होतो, जमिनीवरच्या गाड्या फिकट पडतात आणि खालच्या उजळून दिसायला लागतात. टोकियो मेट्रोच्या ९ लाइनी आणि तोएईच्या, म्हणजे महानगर सरकारच्या, ४, त्या एकमेकांच्या वरून खालून कशा जातात ते तेव्हा कळतं. ओएदो लाइन तर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखी वळलेली आहे, नेहमीच्या सपाट नकाशावर ती फक्त एक जांभळट रेघ असते.

माझा मावसभाऊ निशी-कासाईला राहतो. टोकियोतली भारतीय वस्ती म्हणजे निशी-कासाई, आयटीवाले खूप, त्यात आपली मराठी मंडळी पण बरीच, कारण तिथून तोझाई लाइन थेट निहोम्बाशी-ओतेमाचीला जाते आणि बँकांची ऑफिसं सगळी तिकडं. तर ही तोझाई लाइन मी या ॲपवर सगळ्यात जास्त बघितली असेल. निशी-कासाईला ती चक्क पुलावर आहे, मग आराकावा नदी ओलांडते आणि पलीकडं मिनामी-सुनामाचीच्या आत जमिनीत शिरते. नकाशावर आकाशी ठोकळा नदीवरून येतो, ठळक, आणि मग एका जागी फिकट होत होत इमारतींच्या पायाखाली जातो. ते बघताना मी भावाला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, अरे तुझी गाडी आत्ता बुडाली बघ, तर तो म्हणाला, "दादा, तू तिथं डोंबिवलीत बसून माझी ट्रेन बघतोयस, वहिनीला सांगू का?"

त्याच लाइनवर एक जागा आहे जी बघायलाच हवी. कासाई स्टेशन, निशी-कासाईच्या पुढचं. तोझाई लाइनला दोनच ट्रॅक आहेत, एक जायला एक यायला. आपल्यासारखे फास्टचे वेगळे, स्लोचे वेगळे असे चार नाहीत. पण तरी रॅपिड गाड्या चालतात ज्या तोयोचोहून सुटल्या की मिनामी-सुनामाची, निशी-कासाई, कासाई सगळं सोडून थेट उरायासूला थांबतात. मग पुढं स्लो असेल तर काय करणार? कासाईला मधोमध जादाचे ट्रॅक आहेत. स्लो बाजूच्या फलाटाला लागते, दारं उघडी ठेवून उभी राहते, मधून रॅपिड जाते, मग स्लो निघते. नकाशावर हे बघायचं म्हणजे तोयोचोपासून लक्ष ठेवायचं, पुढं एक ठोकळा, मागं एक ठोकळा, अंतर कमी कमी होतंय, वाटतं आता धडकणार, आणि बरोबर कासाईपाशी मागचा पुढं जातो. आणि हे दिवसभर होत राहतं. हे एक मिनिट इकडंतिकडं झालं तर मागं किती गाड्या अडकतील हे बघताना आपोआप डोक्यात येतं. टाइमटेबल म्हणजे भिंतीवरचा कागद असं वाटायचं मला, इथं बघून कळलं की कुणीतरी बसून एकेक गाडी दुसरीच्या मधून काढलीय.

दिवसभराचं बघायचं तर प्लेबॅक मोड आहे. वेळ लावायची, स्पीड वाढवायचा आणि चहा घेऊन बसायचं. पहाटे साडेचारच्या आसपास पहिले ठोकळे उगवतात, यामानोतेवर ओसाकी आणि इकेबुकुरो इथून, कारण रात्री गाड्या उभ्या करायची सोय तिकडं. पाच वाजता तुरळक, सहानंतर भराभर, आणि साडेसात ते साडेआठ नुसता खच. तेव्हा चुओ रॅपिडकडं नजर ठेवा. सकाळी साधारण दोन-दोन मिनिटांनी नारिंगी गाडी शिंजुकूकडून तोक्यो स्टेशनात येते आणि तिथं त्या लाइनला एकच फलाट आहे, दोन बाजूंना दोन ट्रॅक, बस. चर्चगेटला चार फलाट आहेत, लक्षात घ्या. इथं दोन ट्रॅकवर गाडी आली, लोक उतरले, परतीचे चढले, निघाली, तोवर दुसरी दारात. आणि २०२५ पासून ही गाडी १२ डब्यांची झालीय, आपल्यासारखी. वेग वाढवून बघितलं की त्या टोकाला नारिंगी ठोकळे आत-बाहेर आत-बाहेर करत असतात, थांबतच नाहीत. मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यातल्या रेल्वेत नोकरी केलेल्या एका काकांनीच फक्त इथं बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे अवघड आहे हो, हे दिसतं तेवढं सोपं नाही." बाकी सगळ्यांनी विमानं बघितली.

दुपारी जरा शांत, संध्याकाळी परत भरतं पण सकाळसारखा टोकदार ढीग नसतो, पसरट असतो, कारण ऑफिसात जायची वेळ सगळ्यांची एक, निघायची प्रत्येकाची वेगळी. रविवारी बघितलं तर सकाळचा तो डोंगरच नाही. रविवार आणि सणासुदीचं टाइमटेबल वेगळं असतं तिथं. आपल्याकडं रविवार म्हणजे मेगाब्लॉक, त्याचा नकाशा काढला तर कसा दिसेल देव जाणे.

आणि मग शेवटच्या गाड्या. हा भाग आपल्यासाठी खास सोयीचा आहे कारण टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. तिथं रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडं साडेआठ, जेवणं आवरून माणूस मोबाइल घेऊन आडवा होतो ती वेळ. तेव्हा प्लेबॅक-बिबॅक काही नको, लाइव्हच लावा. साडेबारानंतर यामानोतेच्या गाड्या पूर्ण गोल फिरायच्या बंद होतात, ओसाकीपर्यंत, इकेबुकुरोपर्यंत, शिनागावापर्यंत अशा पाट्या दिसायला लागतात. लांबच्या लाइनी टोकाकडून रिकाम्या होत जातात. साधारण एकपर्यंत, म्हणजे आपल्या साडेनवापर्यंत, सगळं संपतं. २०२१ च्या मार्चमध्ये जेआर ईस्टनं, म्हणजे यामानोते-चुओ चालवणाऱ्या कंपनीनं, शेवटच्या गाड्या अर्ध्या तासाच्या आसपास अलीकडं ओढल्या, कोविडमध्ये रात्रीची गर्दी कमी झाली होती आणि ट्रॅकची कामं करायला रात्री वेळ पुरत नव्हता म्हणून. दर वर्षी मार्चमध्ये तिथं टाइमटेबल बदलतं, त्यामुळे हे नकाशे पण बदलत राहतात. एक ते साडेचार मात्र काळा नकाशा, खाली तारीख आणि घड्याळ चालू. मालगाड्या आणि कामाच्या गाड्या त्या वेळात असतात पण या नकाशात नाहीत, कारण प्रवाशांच्या टाइमटेबलात त्या नाहीत.

इथून जरा टेक्निकल, कंटाळा आला तर खाली उडी मारा.

हे चालतं कसं? गाडीला बसवलेला जीपीएस दर सेकंदाला ठोकळा हलवतोय असं कुणाला वाटेल, तसं नाहीये. मुळात आहे टाइमटेबल. अमुक गाडी अमुक स्टेशनातून अमुक वाजता सुटते, पुढच्या स्टेशनाची वेळ अमुक, आणि मधला रस्ता कसा वळतो ते नकाशाला माहीत आहे, मग मधल्या प्रत्येक क्षणी ती कुठं असेल हे गणितानं काढायचं, सुटताना वेग हळूहळू वाढवायचा, थांबताना कमी करायचा. त्यावर काही कंपन्या लाइव्ह माहिती देतात, गाडी कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे, किती उशीर आहे, ती मिळाली की ठोकळा त्याप्रमाणे मागं ओढला जातो. ज्या कंपन्या देत नाहीत त्यांच्या गाड्या नकाशावर कायम वेळेवर. म्हणजे स्क्रीनवर दिसतंय त्यातलं काही खरं आणि काही वचन, आणि कुठलं काय हे नुसतं बघून ओळखू येत नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. एक साधा फरक करा ना राव, लाइव्हवाली गाडी भरीव आणि टाइमटेबलवाली पोकळ, नाहीतर नवखा माणूस समजतो की जपानमध्ये सगळं सेकंदावर चालतं, तो आधीच तसं समजत असतो म्हणा.

जगभर याच कामासाठी जीटीएफएस नावाचा फॉरमॅट चालतो, अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट आणि गुगल यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेला. नुसत्या टेक्स्ट फायली, स्टॉप कुठले, फेऱ्या कुठल्या, कुठल्या स्टॉपला किती वाजता. त्यात एक गंमत आहे, रात्री बारानंतरची गाडी असेल तर वेळ १:१० लिहीत नाहीत, २५:१० लिहितात, कारण ती कालच्याच दिवसाची गाडी आहे. आपली शेवटची कर्जत पण तशीच की, तारीख बदलली तरी मोटरमनसाठी तो कालचाच दिवस. मिनी टोकियोच्या नव्या आवृत्तीत हा जीटीएफएस डेटा वेगळा जोडता येतो, म्हणजे बस पण दाखवता येतात. बघायला मात्र बस मजेदार नाहीत, सगळीकडं शिंपडल्यासारख्या दिसतात, नजर कुठं ठेवायची कळत नाही.

असे नकाशे अजून आहेत. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठ आणि जिओप्स कंपनीनं ट्रॅव्हिक नावाचं एक केलं होतं, जगभरातल्या शहरांचा जीटीएफएस घेऊन ठिपके पळवणारं. त्याचा आवाका मोठा पण चव कमी. दुसरं एक आहे ते वेगळ्याच जातीचं, माइक बॅरी आणि ब्रायन कार्ड या दोघांनी २०१४ मध्ये बॉस्टनच्या सबवेचं केलेलं, आणि ते मला डोक्यानं जास्त आवडतं, मनानं टोकियो. त्यांनी नकाशावर ठिपके पळवायच्या जोडीला एक जुनी युक्ती वापरली. मूळ युक्तीत आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जास्त उभी तर गाडी फास्ट, आडवी झाली तर थांबलीय, दोन रेघा छेदल्या तर तिथं गाड्या एकमेकींना भेटल्या किंवा एकीनं दुसरीला मागं टाकलं. फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारेनं पॅरिस-ल्यों मार्गाचा असा तक्ता १८८० च्या दशकात छापला, काढणारा इंजिनिअर इब्री नावाचा होता. आणि आपल्याकडं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर वर्षानुवर्षं हेच करत आलेत, पेन्सिल-पट्टी घेऊन चार्टवर रेघा ओढायच्या, आता कॉम्प्युटरवर होतं. त्या काकांना मी बॉस्टनचं दाखवलं तर ते एक सेकंद बघून म्हणाले, "हा आपला चार्टच आहे की."

हा फरक महत्त्वाचा आहे. ठोकळे पळणारा नकाशा तुम्हाला एक क्षण दाखवतो, दिवस बघायचा तर बसून राहावं लागतं, आणि दुपारपर्यंत सकाळी काय झालं ते विसरलेलं असतं. रेघांचा चार्ट अख्खा दिवस एका नजरेत देतो. कासाईला रॅपिड पुढं गेली ते चार्टवर रोज त्याच उंचीवर फुल्या फुल्या अशा दिसेल, बोट ठेवून मोजता येतील. बॉस्टनवाल्यांनी एका गाडीला उशीर झाला की मागच्या रेघा कशा एकमेकींत घुसतात ते दाखवलंय, ते मिनी टोकियोत कधीच इतकं नीट दिसणार नाही, तिथं फक्त गाडीवर उशिराची खूण उमटते आणि पुढं काय झालं ते तुमच्या चिकाटीवर. पण मग चार्ट बघून माझी मुलगी शेजारी येऊन बसेल का? नाही. टोकियो लावलं की बसते. माझं म्हणणं एवढंच की या ॲपमध्ये एखाद्या लाइनवर क्लिक केलं की खाली असा चार्ट उघडावा, डेटा तर आहेच त्यांच्याकडं, मग मी पाचपैकी पाच देईन.

आता डोंबिवलीकर म्हणून एक सांगायलाच हवं. ठोकळा रिकामा असो की भरलेला, सारखाच दिसतो. तोझाई लाइनचा किबा ते मोन्झेन-नाकाचो हा पट्टा कोविडच्या आधी टोकियोतला सगळ्यात गर्दीचा म्हणून प्रसिद्ध होता, २०१९ च्या सरकारी आकड्यात १९९ टक्के. आणि त्यांची टक्केवारी काय असते माहितीये का, २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागतं, बराच दाब येतो, पण एखादं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. साप्ताहिक वाचता येतं! सकाळी ८ ची डोंबिवली फास्ट पकडून दाखवा आणि मग साप्ताहिक काढा. आपल्याकडं रेल्वेच्या भाषेत सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. भावाला हे सांगितलं तर म्हणतो इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात मला गर्दी कुठंय तेच कळलं नव्हतं. पण थट्टा सोडा, मुद्दा खरा आहे, शहराची वाहतूक म्हणजे गाड्या की माणसं? शिंजुकू स्टेशनातून कोविडच्या आधी दिवसाला सरासरी ३५ लाखांवर माणसं ये-जा करायची अशी गिनीजची नोंद आहे, आणि नकाशावर शिंजुकू म्हणजे काही रेघा एकत्र येतात ती जागा. माणूस या नकाशात कुठंच नाही. फलाट पण नाहीत, जिने नाहीत, या लाइनवरून त्या लाइनवर जायला किती चालावं लागतं ते नाही, आणि टोकियोत खरा वेळ तिथं जातो.

मग मुंबईचं का नाही? दर दोन मित्रांमागं एक विचारतो. दिवसाला ३ हजारांहून जास्त लोकल फेऱ्या, चार ट्रॅक, कुठं सहा, कल्याणला फाटे, ट्रान्सहार्बर, हार्बर, वर मेट्रो, मोनो, खाली बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी, केडीएमटी. दिसायला टोकियोच्या तोडीचं होईल. असं नाही की आपल्याकडं काहीच नाही. एम-इंडिकेटर २०१० पासून प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, सेंट्रलच्या यात्री ॲपवर २०२२ पासून लोकलचं लाइव्ह लोकेशन येतं, बेस्टची बस चलो ॲपवर दिसते. पण प्रत्येकाची खिडकी वेगळी, आणि प्रत्येकात तुम्ही तुमची गाडी बघता, शहर नाही. टोकियोत तर कंपन्या आपल्यापेक्षा जास्त आहेत, जेआर वेगळी, मेट्रो वेगळी, तोएई महानगर सरकारची, वर खासगी रेल्वे डझनभर. पण २०१५ मध्ये या लोकांनी एकत्र येऊन सार्वजनिक वाहतुकीच्या ओपन डेटासाठी एक परिषद काढली, पुढं डेटा सेंटर उभं केलं, तिथं नोंदणी करून कुणीही डेटा घेऊ शकतो. एका माणसानं घरी बसून एवढं केलं ते त्या जोरावर. आपल्याकडं कोची मेट्रोनं २०१८ मध्ये डेटा खुला केला, दिल्लीत बसचा लाइव्ह डेटा ओपन ट्रान्झिट डेटा नावाच्या पोर्टलवर मिळतो, पोरं त्यावर प्रोजेक्ट करतात. मुंबईत लोकलचा असा खुला फीड मिळाला तर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली दोन पोरं एका सेमिस्टरमध्ये मिनी मुंबई उभी करतील, त्यात पावसाचं बटण मात्र जरा जपून द्यावं लागेल, सायन-कुर्ल्याला पाणी आलं की सगळे ठोकळे एका जागी.

किरकोळ गोष्टी. जुन्या फोनवर गरम होतं, बॅटरी खातं, तेव्हा इको मोड लावा, ठोकळे झटके देत सरकतात पण फोन जगतो. लॅपटॉपवर बघाल तर खरी मजा. मोबाइलवर बारीक ठोकळ्यावर बोट नेमकं पडत नाही, दोन लाइनी शेजारी असतील तर भलतीच गाडी धरली जाते. मेनू कुठल्या भाषेत पाहिजे तर जपानी, इंग्रजी, चिनी, कोरियन, थाई आणि चक्क नेपाळी. हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही, पण नेपाळी लावून देवनागरीत टोकियो बघता येतं, आईला मी तसंच लावून दिलं. कोड खुला आहे, भाषांतराची फाइल कुणीतरी मराठीत करून पाठवायला हरकत नाही, मी करीन करीन म्हणतोय.

रेटिंग पाचपैकी चार. एक कापला तो लाइव्ह आणि टाइमटेबल यातला फरक न दाखवण्याबद्दल, चार्ट नसल्याबद्दल वेगळा कापत नाही कारण फुकट आहे. बघायचं कसं तर आधी यामानोते-केइहिन जोडी, मग जमिनीखालचं बटण दाबून ओएदो, मग दिवसाच्या वेळेत तोझाईवर तोयोचो ते कासाई, आणि सकाळचं तोक्यो स्टेशन प्लेबॅकमध्ये कारण लाइव्ह बघायला आपल्याला पहाटे चारला उठावं लागेल, उठणारे आहेत, माझ्या ओळखीत एक आहे. शेवटच्या गाड्या रात्री साडेआठ ते साडेनऊ, आपल्या वेळेनं. सीरियलची वेळ तीच असते, त्यामुळे टीव्हीवर लावायच्या फंदात पडू नका.